तिसरा थर

२ फेब्रुवारी, सोमवार

पोचले एकदाची! सामान उतरवताना टेम्पोवाल्याने तीनदा विचारलं, बाई, या खोक्यात दगड भरलेत की काय. होती पुस्तकं, पण या नोकरीत यापुढे दगडांशीच गाठ आहे, म्हणून हो म्हणून टाकलं. मग त्याने ते खोकं फार आदराने उतरवलं.

संग्रहालयाच्या मागच्या बाजूला दोन खोल्या मिळाल्यात. पुढच्या खोलीत माझी कॉट, टेबल आणि शेगडी. मागची खोली भिंगरीची. तिला सातवा लागलाय, जावई जहाजावर, सहा महिने तरी जमिनीला पाय लागत नाहीत त्याचे. तेव्हा बाळंतपण माझ्याकडेच. ७ मार्चला येतेय. तोवर लोकर विणून मी सबंध गावाला पुरतील इतके मोजे करीन असं तिचं म्हणणं. करीन की! माझं पहिलं नातवंड आहे.

भिंगरी हे नाव फक्त मी आणि तिच्या बाबांनी वापरायचं. पाय फुटल्या दिवसापासून पोरगी हात पसरून स्वतःभोवती गोल गोल फिरायची, धपकन खाली बसायची आणि घर फिरतंय म्हणून घरालाच रागवायची. हे नाव बाहेर फुटलं तर बघ, अशी तिची तंबी आहे. रोजनिशीत चालतं.

तिच्या बाबांचं घड्याळ टेबलावर ठेवलं. ते सात मिनिटं पुढे आहे. उशीर होऊ नये म्हणून त्यांनी ते जन्मभर तसं ठेवलं, आणि सात मिनिटं हातात आहेत म्हणून जन्मभर उशिराच निघाले. त्यांना जाऊन दोन वर्षं होतील. घड्याळ मी बरोबर लावलेलं नाही, लावणारही नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

काम सव्वीस वर्षं केलेलंच आहे. गिअरच्या कारखान्यात तुटलेला दाता आला की कापायचा, घासायचा, ॲसिडमध्ये बुडवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघून सांगायचं की हा का तुटला. इथे दात्यांच्या जागी आकाशातून पडलेलं लोखंड. ते कुठे, कसं, किती सावकाश घडलं ते सांगायचं. दोष कुणाच्या माथी मारायचा नाही, एवढाच काय तो फरक.

कापण्या-घासण्याचं काम मिस्त्रींकडे. साठीचे आहेत, एका कानाने ठार बहिरे. कोणत्या कानाने, असं विचारलं तर म्हणाले, संचालकबाई ज्या बाजूला बसतात त्या. आमचं जमणार.

त्यांनी मला लाल ट्रेचा नियम समजावून दिला. उल्केच्या लोखंडात क्षार दडलेला असतो. तो हवेतला ओलावा ओढून घेतो आणि कापलेल्या तोंडावर तपकिरी थेंब येतात, घाम फुटावा तसे. वेळेवर घासले नाहीत तर गंज आत शिरतो आणि तुकडा पोखरतो. म्हणून गंज धरला की नमुना लाल ट्रेमध्ये. दर शुक्रवारी मिस्त्री ट्रेमधलं सगळं घासून आरशासारखं करून ठेवतात, कुणाला काही न विचारता. गंजका तुकडा बघून त्यांना रात्री जेवण जात नाही म्हणे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

माझ्या वाट्याला आलेला तुकडा तळहाताएवढा आहे. माझ्या आधीच्या गृहस्थांनी अकरा वर्षं याच्यावरच काढली. पद्धत साधी: वरचा थर पॉलिश करून काढायचा, नवं तोंड बघायचं, नोंद करायची, पुन्हा थर काढायचा. आधी बघितलेलं पुन्हा बघायला मिळत नाही, कारण ते घासून गेलेलं असतं. त्यांच्या वहीत पहिल्या पानावर जाडी बावीस मिलिमीटर आहे. आज मी मोजली, नऊ भरली.

हिऱ्याच्या टोकाने चार कोपऱ्यांत चार बारीक खुणा उमटवल्या. पॉलिश होईल तशा त्या लहान होतात, त्यावरून किती थर गेला ते कळतं. मिस्त्रींनी खुणा बघून मान डोलावली. म्हणजे प्रमाणपत्रच मिळालं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पहिलं ॲसिड. आरशासारखं तोंड वीस सेकंद बुडवलं, अल्कोहोलने धुतलं, गरम हवेने वाळवलं. आणि कोऱ्या धातूवर पट्ट्या उमटत गेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या, तिरप्या, काही मंद, काही चमकत्या कडांच्या. कुठल्यातरी फुटलेल्या ग्रहाच्या पोटात हे लोखंड निवत होतं, एक अंश निवायला हजारो वर्षं. तेवढ्या सावकाशीत दोन जातींचं लोखंड वेगळं होऊन ही जाळी विणली गेली. भट्टीत एकदा तापवलं की जाळी पुसली जाते आणि कुणाच्या बापाला ती परत आणता येत नाही. सव्वीस वर्षांत इतकं सुंदर काही भिंगाखाली बघितलं नव्हतं.

एक गंमत. डाव्या कोपऱ्यात पट्ट्या अशा काही जुळल्यात की आमच्या जुन्या घराच्या खिडकीचे गज दिसतात. गजांमागे पाठमोरा माणूस, कोपर वर उचललेलं. तिचे बाबा अस्सेच उभे राहायचे खिडकीशी दाढी करताना, आणि शीळ घालायचे. एकच गाणं, तेही बेसूर. मी हसले, मग रडले. ढगांत हत्ती दिसतात तसंच हे, कळतं मला. फोटो काढला तर त्यात नुसत्या पट्ट्या. तरी दिवसभर तिथेच बसून राहिले.

९ फेब्रुवारी, सोमवार

गजांवर तपकिरी थेंब आला होता. मिस्त्रींकडे न देता मीच पॉलिश केलं. सात मायक्रॉन गेले. खरं सांगायचं तर गंजाचं निमित्त झालं. आणखी काय दिसतंय ते मला बघायचं होतं.

दिसलं! मनगट. मनगटावर घड्याळ, चपटं, एका बाजूला चरा असलेलं. काटेसुद्धा ओळखू येतात. हात त्यांचाच. आणखी दोन-चार थरांत चेहरा येईल का? शास्त्र शिकलेल्या बाईने असं लिहू नये. लिहिते.

सकाळी शेजारच्या खिडकीतून कुणीतरी दाढी करताना शीळ घालत होतं. तोंडाला फेस असताना शीळ कशी जमत असेल? असा प्राणी मी तरी जन्मात पाहिला नव्हता.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आधीचे गृहस्थ भेटले. रोज दहाच्या सुमाराला आवारातल्या बाकावर येऊन बसतात. त्यांना काहीच आठवत नाही, पायांना तेवढा रस्ता माहीत आहे, असं त्यांची बायको म्हणाली. मी ओळख करून दिली तर त्यांनी नीट उठून नमस्कार केला. बायकोलाही ते रोज सकाळी असाच नमस्कार करतात. ती हसून म्हणाली, चाळीस वर्षांच्या संसारात कधी इतक्या अदबीने वागला नाही हा माणूस. हसता हसता पदराने डोळे पुसले.

घरी आल्यावरही जिवाला चैन पडेना.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा एक थर काढला. या वेळी गंज नव्हता. मी काढला, कारण मला त्यांचा चेहरा हवा होता.

चेहरा आला, पण भिंगरीचा. चार-पाच वर्षांची, हात पसरलेले, फ्रॉकचा घेर झालेला, तोंड वर करून हसतेय. पट्ट्या तिच्याभोवती गोल फिरल्यासारख्या वाटतात. मी टेबलावर डोकं टेकून खूप वेळ बसले. इतकी कशी ती माझी!

टेबलावर कुणाचं तरी जुनं घड्याळ पडलंय, सात मिनिटं पुढे. बरोबर लावून ठेवलं. आधीच्या गृहस्थांचं असेल, सोमवारी देईन.

१५ फेब्रुवारी, रविवार

भिंगरीचा फोन. बाळ लाथा मारतंय, डॉक्टरीणबाई खूश आहेत. बोलता बोलता मी घड्याळाचं सांगितलं. ती म्हणाली, आई, बरोबर लावलंस? तू? बाबांचं घड्याळ?

मी म्हटलं, कुठलं बाबांचं घड्याळ?

ती रडायला लागली. उशीर, सात मिनिटं, असं काहीबाही सांगत होती. मी हो हो म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर ही वही पहिल्यापासून वाचली. अक्षर माझं. घड्याळाचं मीच लिहिलंय. शिळेचंही. वाचून मनात काहीच हललं नाही, दुसऱ्याच्या नवऱ्याबद्दल वाचावं तसं. ते गेलेत हे आठवतं, तोंडवळा आठवतो. शीळ नाही. घड्याळ नाही. जो थर घासला, त्यातलं माझ्यातूनही गेलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

त्या गृहस्थांच्या वहीच्या शेवटच्या पानांवर पेन्सिलीने शेरे आहेत. प्रत्येक थराचा एक. शाळेचा जिना. आईचे हात. थोरला भाऊ पोहताना. लग्नाच्या दिवशीचा पाऊस. मग मोठं कोरं पान, आणि खाली: एक बाई रोज दुपारी जेवण घेऊन येते. स्वभावाने चांगली आहे. कोण असावी?

वही मिटली. बाकाकडे बघवलं नाही.

आता वरच्या थरात भिंगरी आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं. पॉलिश नाही. या तुकड्याला मी हात लावणार नाही, कुणाला लावू देणार नाही. नोंदवहीतून त्याचा नंबर खोडला. काचेच्या बरणीत ठेवला, खाली ओलावा शोषणारे निळे दाणे भरले, झाकणाला ग्रीस लावून घट्ट बंद केलं. थर शाबूत आहे तोवर ती माझी आहे. सरळ हिशेब आहे.

संचालकबाईंना सांगावं का? काय सांगू, की लोखंडात माझी मुलगी आहे? नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात सुट्टी देतील, तीही कायमची.

२१ फेब्रुवारी, शनिवार

निळे दाणे गुलाबी झालेत. बदलले. संध्याकाळी पुन्हा गुलाबी. तुकड्यातूनच ओल सुटतेय.

फ्रॉकच्या काठावर एक थेंब. मोहरीएवढा.

तिचा तो आवडता फ्रॉक कोणत्या रंगाचा होता? एकच होता, धुवायला द्यायची नाही, अंगावरच वाळवायची. एवढं आठवतं. रंग आठवत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

फोनवर विचारलं, तुझा तो फ्रॉक कसला गं. पिवळा, म्हणाली. इथे लिहून ठेवते: पिवळा. लिहिलं खरं, पण दिसत नाही.

तिला म्हटलं, आत्ताच ये. उद्याच निघ. ती म्हणाली, आई, तिकीट सात तारखेचं आहे आणि डॉक्टरीणबाईंनी सहा तारखेपर्यंत पडून राहायला सांगितलंय. मग हसून म्हणाली, तूच असं घाबरवलंस तर मी कुणाकडे बघू?

बरोबर आहे. तिने माझ्याकडे बघायचं. म्हणून मला ती आठवली पाहिजे.

२५ फेब्रुवारी, बुधवार

दुसरा थेंब उजव्या हातावर. घासला तर सगळीच जाईल, ठेवला तर तिळातिळाने जाईल. कापसाने टिपते. रोज दहादा टिपते. खालचा खड्डा मोठा होत जातो.

मिस्त्रींनी मला बरणीपाशी रडताना पाहिलं. चहा आणून ठेवला आणि ऐकू येणारा कान माझ्याकडे करून थोडा वेळ बसले. भला माणूस. पण त्यांना काय सांगणार?

१ मार्च, रविवार

फोन आला. पहिल्या वाक्याला आवाज ओळखला नाही. दुसऱ्याला ओळखला.

ती जन्मली तेव्हा सकाळ होती की संध्याकाळ? तिला विचारता येत नाही, तिला कसं माहीत असणार. माहीत असलेली दोनच माणसं. त्यातलं एक गेलं, एक मी.

सहा दिवस. ती समोर आली, हातात हात आला, की मग गेलं तर जाऊ दे हे लोखंड मसणात. डोळ्यांनी बघून नव्याने साठवीन तिला.

३ मार्च, मंगळवार

तिसरा थेंब, केसांत. चेहरा अजून आहे. डोळे आहेत.

भिंतीवर कागद लावले. भिंगरी माझी मुलगी. सात तारखेला येते. पोटुशी आहे. डाव्या भुवईवर व्रण. हे पुन्हा पुन्हा वाचते. तोंडपाठ झालंय. पण तोंडपाठ असणं वेगळं —

४ मार्च, बुधवार

मोजे विणून झाले. अकरा जोड. माप कुणाचं घेतलं होतं, बाळाचं? हो, बाळाचं. तिच्या बाळाचं. भिंगरीच्या.

आवारातल्या बाकावरून ते गृहस्थ आज माझ्याकडे बघून हसले. ओळखीचं हसले.

५ मार्च, गुरुवार

गालावर थेंब. टिपला, आणि — तिचं हसू कसं होतं ते

दोन दिवस फक्त. देवा, दोनच दिवस. संचालकबाईंनी उद्या सकाळी मीटिंगला बोलावलंय. बरणी बरोबर नेऊ का? वेडी म्हणतील. तिथल्याच टेबलावर ठेवते, कामाच्या खोलीला कुलूप. एक तासाचा तर प्रश्न. किल्ली माझ्याकडे आणि दुसरी —

दुसरी मिस्त्रींकडे असते. त्यांना सांगायला हवं. उद्या गेल्या गेल्या सांगते, हात लावू नका म्हणून.

६ मार्च, शुक्रवार

सकाळी मिस्त्री आले नव्हते, तशीच मीटिंगला गेले. मीटिंग लांबली. परत आले तर मिस्त्री दारातच उभे, चेहरा खुललेला. म्हणाले, बाई, रोज बघतो तुम्हाला, त्या गंजलेल्या तुकड्यापायी रडता. ट्रेमध्ये नव्हता ठेवलात, तरी घरचं समजून केला. उद्या लेक येतेय ना, तेवढाच तुमच्या डोक्याचा ताप कमी.

तुकडा हातात दिला. काय सुरेख पॉलिश! एक ओरखडा नाही. माझ्या चारही खुणा गेल्यात, म्हणजे थर बराच काढला. मी मनापासून आभार मानले. त्यांचे डोळे भरून आले.

आता छान वाटतंय. हलकं. इतके दिवस कसली काळजी लागून राहिली होती कोण जाणे.

कोणाची लेक येतेय म्हणाले?

७ मार्च, शनिवार

मागच्या खोलीत कुणीतरी लहान मुलाचे मोजे ठेवलेत. अकरा जोड. भिंतीवर कागद आहेत, माझ्याच अक्षरातले.

दुपारी एक मुलगी आली. दिवस भरत आलेले, हातात जड बॅग. दार उघडलं तशी गळ्यातच पडली. मला आई म्हणते. चुकून दुसऱ्या घरी आली असावी. बसवलं, पाणी दिलं, पाय वर घ्यायला सांगितलं. फार गोड पोर आहे. डाव्या भुवईवर बारीक व्रण.

तिला विचारलं, बाळ, तुझ्या आईचा नंबर दे, मी कळवते, या अवस्थेत एकटी फिरतेस, काळजीत असेल बिचारी. तेव्हापासून रडतेय. थांबत नाही.

टेबलावरचं घड्याळ तिने उचललं. काटे सात मिनिटं पुढे केले. का केले ते —

मिस्त्री दारात आले, तिने ही वही घेऊन त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवली. ते सारखं म्हणतायत, मी काय केलं, बाई, मी काय केलं. कुणी काहीच केलेलं नाही. चहा टाकायला हवा सगळ्यांना.

आता वही पुन्हा माझ्यापुढे ठेवलीय. माझ्याशेजारी बसलीय, पान उलटते, बोट ठेवते. हे बघ, म्हणते. हे पण बघ. वाचते मी. फिरणारी मुलगी, पिवळा फ्रॉक. छान लिहिलंय. तिचा हात फार गरम आहे. माझा हात तिने पोटावर ठेवला, आत काहीतरी हललं, आणि मला उगाचच रडू —

आता म्हणते, माझं नाव लिही. आई, तुझ्या हाताने लिही, मी एकेक अक्षर सांगते. लिहिते, तिचं समाधान होईल. असं नाव कुणी ठेवतं का मुलीचं? सांगतेय ती. भिं